वात्रटिका कशी लिहावी? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या नवोदितांसाठी

थंडी सुरू झाली की बेळगावच्या आसपासच्या गावांत साहित्य संमेलनांचे मांडव पडायला लागतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमानी, तिकडं खानापूर तालुक्यात माचीगड. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, परिसंवाद, कथाकथन, दुपारी जेवण, आणि ते जेवण अंगात उतरत असताना कविसंमेलन. पहिल्यांदा नाव देणारे बहुतेक कवी आईवर नाहीतर पावसावर दीड पानी कविता घेऊन येतात. आई थोर आहे, पाऊसही थोर आहे, पण भात-आमटी जेवून सतरंजीवर बसलेल्या माणसांपुढं दीड पान वाचणं म्हणजे अंगाई म्हणणं. नव्या माणसानं चार ओळींपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. चार ओळी पडल्या तरी कुणाचं नुकसान होत नाही, आणि जमल्या तर रात्री घरी पोचायच्या आत गावातल्या चार ग्रुपवर फिरून येतात.

या चार ओळींचं नाव वात्रटिका. हवे ते गुण नावातच सांगितलेत: वात्रटपणा हवा, पण लहान मापाचा.

आधी ओळख करून घ्या

चार ओळी आणि यमक जमलं म्हणजे वात्रटिका झाली असं नाही. चारोळीतही चार ओळी असतात, पण ती मनातलं हळवं काहीतरी सांगून थांबते. नुसती कोटी म्हणजे शब्दाची गंमत. ती चहाच्या टपरीवर चालते, पण तिच्या पोटात काही नसतं. वात्रटिकेला पोट लागतं. समोर चाललेल्या एखाद्या विसंगतीवर ती बोट ठेवते आणि बोट ठेवल्याचं शेवटच्या ओळीपर्यंत कळू देत नाही. विडंबन वेगळं, त्याला आधी कुणाची तरी मूळ कविता लागते. उखाणा तर फारच वेगळा, त्यात नवऱ्याचं नाव आलं की काम फत्ते, बाकी ओळी त्या नावापर्यंत चालत जाण्यापुरत्या. (आपल्याकडच्या कन्नड घरांतही लग्नात नाव घेतात, त्याला ओडपु म्हणतात. खोली अडवून बसलेल्या नणंदा दोन्हीकडं सारख्याच.)

हा प्रकार जगात जुना आहे. ग्रीक लोक अशा छोट्या ओळी दगडावर, थडग्यावर कोरायचे. छिन्नीनं कोरायचं म्हटल्यावर फाफटपसारा आपोआप कमी होतो. पुढं रोममध्ये पहिल्या शतकात मार्शल नावाच्या कवीनं त्याला शेवटी डंख मारायची सवय लावली, ती आजतागायत आहे. मराठीत मंगेश पाडगावकरांनी वात्रटिका लिहिल्या, रामदास फुटाणे यांनी मंचावरून त्या गावोगाव ऐकवल्या. ही नावं तुम्हाला माहीत असतील.

पण सीमाभागात राहून फक्त तेवढंच वाचलं तर घरातली अर्धी शिदोरी न उघडताच निघाल्यासारखं होईल. कन्नडमध्ये हाच प्रकार चुटुकु या नावानं जोरात आहे. अंकोल्याकडचे दिनकर देसाई यांना तर लोक चुटुकब्रह्मच म्हणायचे. चार ओळी, सरळ भाषा, आणि शेवटी चिमटा. हल्ली डुंडिराज यांच्या हनिगवनांवर, म्हणजे थेंबाएवढ्या कवितांवर, सभागृहं हसतात. आणि या सगळ्यांच्या मागं तीन ओळींत माणूस उघडा पाडणारा जुना कन्नड कवी सर्वज्ञ उभा आहे. तुम्हाला कन्नड वाचता येत नसेल तर शेजाऱ्याकडून म्हणवून घ्या. मराठी वात्रटिका कधीकधी बोलून बोलून थकते. चुटुकु कुठं थांबायचं हे चांगलं शिकवतो.

वाचायला जागा हवी असेल तर बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उघडं आहे.

विषय: हाताच्या अंतरावरचा

नवा माणूस पहिलीच वात्रटिका दिल्लीवर लिहितो. लिहू नका. दिल्लीवर लिहिणारे दिल्लीपासून गल्लीपर्यंत भरपूर आहेत, आणि तुमच्या आधी त्यांचे विनोद लोकांच्या फोनवर पोचलेले असतात. तुमच्याकडं जे आहे ते त्यांच्याकडं नाही. टिळकवाडीचं रेल्वे गेट बंद पडल्यावर दोन्ही बाजूंना जमणारी आणि गेट उघडल्यावर एकमेकांच्या अंगावर जाणारी मोटारसायकलींची फौज. ऊस गेला, बिल आलं नाही. निपाणीचा तंबाखू. बेळगाव बासमती म्हणून पाटी लावलेला आणि बेळगावचं शिवारही न पाहिलेला तांदूळ. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत शहराचं नाव आलं आणि रस्ते खोदायला सुरुवात झाली, तेव्हापासून तर वात्रटिकाकारांना विषयाची ददात नाही.

विषय निवडताना एकच कसोटी लावा: तो समजावून सांगावा लागतो का? वाचण्याआधी ‘म्हणजे झालं काय की, परवा आमच्या वॉर्डात...’ अशी प्रस्तावना करावी लागत असेल तर तो विषय सोडून द्या. श्रोत्याच्या डोक्यात चित्र आधीच तयार असलं पाहिजे, तुम्ही फक्त ते तिरकं करायचं.

मग त्या विषयावर एक साधं गद्य वाक्य लिहा, आणि त्या वाक्यात ‘पण’ यायलाच हवा. ‘रस्त्यावर खड्डे आहेत’ यात ‘पण’ नाही, म्हणून त्यात वात्रटिका नाही. ती तक्रार झाली, ती महापालिकेत द्यायची. ‘रस्त्यावर वर्षभर खड्डे असतात, पण अधिवेशनाच्या आधी आठ दिवस बुजतात’ यात आहे.

शेवटची ओळ आधी

हेच वाक्य घेऊन पुढं जाऊ, कारण कृती दाखवल्याशिवाय नुसते नियम सांगण्यात अर्थ नाही.

२०१२ साली हलग्याजवळ सुवर्णसौध ही विधिमंडळाची इमारत झाल्यापासून कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावला भरतं. त्याच्या आधी काय काय रंगवलं जातं, बुजवलं जातं, झाकलं जातं ते तुम्ही पाहिलेलं आहे. नवा माणूस यावर पहिल्या दमात जे लिहितो ते साधारण असं:

दर वर्षी हिवाळी अधिवेशन भरते,
मंत्री-आमदार बेळगावला येतात,
त्यांच्यासाठी रस्ते गुळगुळीत होतात,
आम्ही मात्र वर्षभर खड्ड्यांतून जातो,
सरकारला आमची आठवण कधी येणार?

एकही गोष्ट खोटी नाही. तरीही हे वाचकांच्या पत्रव्यवहारातलं पत्र आहे. ‘येतात’, ‘होतात’ हे यमक नव्हे, मराठीत सगळी क्रियापदं तशीच संपतात, त्यात कवीची करामत काय? शिवाय शेवटी विचारलेला प्रश्न हा सभेतल्या भाषणाचा शेवट आहे. असा प्रश्न ऐकला की लोक हसत नाहीत, मान हलवतात. मान हलली म्हणजे वात्रटिका पडली.

आता उलटं चला. आधी ठरवा, शेवटी काय सांगायचंय? सरकार पावसाळ्यातही यावं म्हणजे तेव्हाचेही खड्डे बुजतील, ही खोचक मागणी आहे. पावसाळ्यात आपल्याकडं दूरदूरवरून कोण येतं-जातं? वारकरी. आषाढी वारी भर पावसात असते. म्हणजे सरकारची ‘वारी’ हा शब्द सापडला, आणि त्याला पावसाळ्याशी जोडणारा धागाही आयताच मिळाला. शेवटचा शब्द ‘वारी’ ठरला की मग त्याची भावंडं कागदाच्या कडेला लिहून काढा: दारी, भारी, सारी, तयारी, शेजारी, कारभारी. कारभारी मोह पाडतो, पण त्याला जागा जास्त लागते.

दुसरा खर्डा:

अधिवेशनासाठी सरकार आलं,
रस्ते झाले भारी;
पावसाळ्यातही आलं असतं
तर मिटली असती कटकट सारी.

पुष्कळ बरं. तरी शेवटची ओळ लांबली, आणि लांबली ती समजावून सांगण्यात. कटकट मिटेल हे श्रोत्याला कळतं की. ‘वारी’ तर हातातून सुटलीच. शिवाय ‘भारी’ हा शब्द यमकासाठी बोलावलाय, त्याला तिथं दुसरं काम नाही.

तिसरा:

थंडी पडली, सरकार आलं,
खड्डे बुजले दारी;
देवा, यंदा पावसाळ्यात
पाठव त्यांची वारी!

टाळी वाजवत म्हणून पाहा: थंडी, पडली, सरकार, आलं, हे चार ठेके. खड्डे, बुजले, दारी, तीन. देवा, यंदा, पावसा, ळ्यात, पुन्हा चार. पाठव, त्यांची, वारी, तीन. चार-तीन-चार-तीन हा ठेका मराठी कानाला सवयीचा आहे, भजनी मंडळ असलेल्या गावात तर वेगळा शिकवावा लागत नाही. मात्रा मोजत बसायची नव्या माणसाला गरज नाही. हातानं मांडीवर ताल धरा, जिथं हात अडखळेल तिथं शब्द बदला.

बारीकसारीक गोष्टीही पाहा. ‘अधिवेशन’ हा शब्द गेला आणि ‘थंडी’ आली. अधिवेशन लांबलचक आणि सरकारी, थंडी सगळ्यांच्या अंगावरची. थंडी म्हटलं की बेळगावच्या माणसाला अधिवेशन आपोआप आठवतं, ते त्याचं त्याला आठवू दिलं. तक्रारीची झाली प्रार्थना, आणि प्रार्थना करणाऱ्या माणसावर कुणाला रागावता येत नाही, अगदी समोर बसलेल्या आमदारालाही. मांडवात आमदार हटकून असतो, हे लक्षात ठेवा.

शेवटची ओळ आधी लिहायची सवय मात्र जरूर लावून घ्या. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली की यमक तुम्हाला ओढत नेतं आणि शेवटी जिथं सोडतं तिथं सांगण्यासारखं काही नसतं.

काय सांगायचं नाही

वात्रटिकेत जे लिहिलेलं नसतं त्यालाच हशा येतो. गणेशोत्सवात डॉल्बीवर लिहिलेल्या या ओळी घ्या:

सुपाएवढ्या कानांचेही
डॉल्बीने वाजले बारा;
‘पुढच्या वर्षी लवकर या’चा
पोचलाच नाही नारा.

गणपतीचं नाव कुठं आहे? नाही. मंडळाचं नाव नाही, मिरवणूक नाही, ध्वनिप्रदूषण तर नाहीच नाही. ‘बारा’त कानांचे वाजलेले बारा आहेत आणि रात्रीचेही. आणि देवाला आमंत्रण ऐकूच गेलं नाही म्हटल्यावर पुढच्या वर्षी काय होणार, ते ज्याचं त्यानं ठरवावं. हीच गोष्ट ‘मोठ्या आवाजामुळे बाप्पा रागावले’ असं सांगून संपवली असती तर ती शाळेच्या भिंतीवरची सूचना झाली असती.

तेव्हा लिहून झालं की कात्री घ्या. ‘खरोखर’, ‘मात्र’, ‘अहो’, ‘हल्ली’, ‘आजच्या काळात’ हे शब्द बहुधा ठेका भरायला घेतलेले असतात. उद्गारचिन्हं एकापेक्षा जास्त असतील तर सगळी काढा. ‘भ्रष्टाचार’, ‘लोकशाही’, ‘व्यवस्था’ असले जाडजूड शब्दही काढा. भ्रष्टाचार म्हणण्यापेक्षा टेबलाखालून गेलेला हात म्हणा, तो दिसतो. आणि शीर्षक देऊन डंख आधीच फोडू नका. वरच्या ओळींना ‘डॉल्बीचा त्रास’ असं नाव दिलं की संपलंच. नसलं तरी चालतं.

दोन भाषांचं भांडवल

पुण्या-मुंबईच्या वात्रटिकाकाराला नसलेली एक सोय तुम्हाला आहे: तुमचा श्रोता दोन भाषांत ऐकतो. बाजारात भाव कन्नडमध्ये विचारतो, घासाघीस मराठीत करतो आणि रागावला की कुठल्या भाषेत रागावेल सांगता येत नाही. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला होते, आणि इथल्या बोलण्यातली गंमत त्यांनी उभ्या महाराष्ट्राला ऐकवली. तिकडचे लोक त्या बोलीला हसले. आपण तीच बोली आतून वापरायची आहे, त्यामुळं तिची नक्कल करायची नाही. ‘ये की’, ‘बस की’, ‘होय की’ मधला ‘की’ यमकाला आणि ठेक्याला फार उपयोगी पडतो, पण चार ओळींत एकदाच. दर ओळीला ‘की’ घातला की तुम्ही नाटकातलं पात्र होता.

कन्नड शब्द घ्यायचा तर तो बाजारातला, दहा वर्षांच्या पोरालाही माहीत असलेला. दुधाला कन्नडमध्ये हालु म्हणतात, पुरे झालं म्हणायला साकु. बस, एवढ्यावर:

कानडीमध्ये दुधाला ‘हालु’,
म्हणती गवळणकाकू;
भाव ऐकला, मराठीतले
हाल कळाले, ‘साकु’!

ही वरच्या दोन वात्रटिकांपेक्षा हलकी आहे, कोटीच्या जवळ जाते. तरी दूध महागल्याचं पोट तिला आहे म्हणून निभावते. आणि इथं हसू कुणाचं होतं बघा: काकूंचं नाही, कन्नडचं नाही, मराठीचंही नाही. हसू होतं ते पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचं, म्हणजे तुमचं-माझं.

हीच वात्रटिका पुण्यात किंवा नाशकात वाचू नका. ‘साकु’ म्हणजे काय ते सांगावं लागेल, आणि सांगितलं की संपलं.

बोट कुणावर ठेवायचं

हा भाग सीमाभागात टाळता येत नाही, म्हणून जरा थांबून लिहितो.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं. त्या तारखेला एका चौकात राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडं महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी. सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ साली त्याच १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. पाटी, अर्ज, उतारा, बसचा बोर्ड, कशाकशावरून वाद पेटतो हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा ठिकाणी वात्रटिका लिहिणाऱ्याला वाटतं, आपण धारदार असलो पाहिजे. जरूर असा. पण धार कुठल्या बाजूला आहे ते बघा.

माझ्यापुरता मी ठरवलेला नियम असा: कागदावर लिहायचं, भाषेवर नाही. म्हाताऱ्या शेतकऱ्याला न वाचता येणाऱ्या लिपीत नोटीस येते, हा वात्रटिकेचा उत्तम विषय आहे, कारण नोटीस पाठवणाऱ्याकडं अधिकार आहे आणि म्हाताऱ्याकडं चष्मासुद्धा नाही. कन्नड बोलणाऱ्या माणसाच्या मराठी उच्चारावर लिहिणं मात्र सोपं आणि फुकाचं. मांडवात मागच्या रांगेत तुमचा कन्नड शेजारी बसलेला असतो, तो ग्रंथदिंडीत पालखीला खांदा देऊन आलेला असतो. त्यालाही हसू यायला पाहिजे. नावाच्या वादाला हात घालायचाच असेल तर असा घालता येतो:

पाटीवरती बेळगावी,
आमच्या तोंडी बेळगाव;
चन्नम्मा चौकात संध्याकाळी
‘बेलगाम’ हेच नाव.

संध्याकाळी त्या चौकात सिग्नल कसा पाळला जातो हे दोन्ही भाषांच्या माणसांना ठाऊक आहे, आणि तिथं गाडी घालणारेही दोन्ही भाषांचे. भांडणाचं नाव घेतलं, आणि भांडणाऱ्या दोघांना एकाच वाहतुकीत अडकवून ठेवलं.

जात, धर्म, कुणाचं व्यंग, कुणाची बायको, कुणाचा रंग, यावर लिहू नका. याला कारण द्यायची गरज नसावी. गावातल्या गरीब माणसावरही नाही. सरपंचावर, म्हणजे आपल्याकडं पंचायत अध्यक्षावर, खुशाल लिहा, पण नाव न घेता खुर्चीवर लिहा. अध्यक्ष बदलले तरी वात्रटिका चालत राहते, हा त्यातला व्यवहार.

आणि सगळ्यांत बिनधोक गिऱ्हाईक म्हणजे आपण स्वतः, म्हणजे कवी. संमेलनात पहिली वात्रटिका कवींवरच वाचावी, श्रोते लगेच आपल्या बाजूला येतात:

दोनच कविता वाचतो म्हणून
कवी राहिला उभा;
मांडवामागे भात उतरला,
भातामागे सभा.

कविसंमेलन जेवणाच्या आधी असेल तरच ही वाचायची. जेवणानंतर वाचली तर भाताचा वासच येत नाही.

तोंडानं म्हणून बघणे

कागदावर बसलेली ओळ जिभेवर बसतेच असं नाही. घरात, गोठ्यात, गाडीवर, कुठंही मोठ्यानं म्हणा. मग एका माणसाला ऐकवा, आणि तो माणूस कवी नसावा. कवी असला तर तो लगेच तुमच्या यमकाबद्दल बोलायला लागतो. दूध घालायला येणारा, सलूनवाला, बसमध्ये शेजारी बसलेली मावशी, हे खरे परीक्षक. चेहऱ्याकडं बघा: हसू शेवटच्या शब्दावर आलं तर ठीक. दुसऱ्या ओळीलाच आलं तर डंख आधी फुटला. ‘म्हंजे काय?’ असं विचारलं तर कागद फाडा, समजावू नका.

हा विनोद आधी कुणी केलाय का तेही यातच कळतं. ‘हे मी ग्रुपवर वाचलंय’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच. खड्डे, पेट्रोल, बायको, मोबाईल या चार विषयांवरचं जवळजवळ सगळं आधी फिरून झालेलं आहे, त्यामुळं तिथं जास्त जपून. दुसऱ्याची वात्रटिका मंचावर वाचलीत तर त्याचं नाव घ्या. न घेता वाचलीत तर मांडवात ती ओळखणारा एकजण तरी असतोच, आणि तो चहाच्या वेळी गप्प बसत नाही.

मंचावर आणि फळ्यावर

कविसंमेलनात तुमच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. तीन वात्रटिका न्या, दोन वाचा, तिसरी ‘आणखी एक’ म्हणाले तरच. पहिल्या दोन ओळी दोनदा म्हणायची मंचाची रीत आहे, ती पाळा. त्यातून मागच्या रांगेला विषय कळतो आणि माइकची शिट्टीही शांत होते. तिसरी ओळ संपल्यावर अर्धा श्वास थांबा. मग चौथी ओळ एकदाच, सरळ, आवाज न चढवता. स्वतः हसायचं नाही. हशा आला तर तो ओसरेपर्यंत बोलायचं नाही, त्याच्यावर पुढची ओळ टाकली की दोन्ही वाया. हशा आला नाही तर लगेच पुढची घ्या, ‘कळलं का?’ हा प्रश्न मंचावर कधीही विचारू नका.

सूत्रसंचालन करत असाल तर वात्रटिका दोन वक्त्यांच्या मध्ये ठेवायची, आणि ज्यांना आता बोलवायचंय त्यांच्यावर बेतलेली नसावी. पाहुण्यांना आपल्यावरचा विनोद व्यासपीठावर कळतो आणि भाषणभर त्यांच्या डोक्यात तोच फिरत राहतो.

गल्लीच्या फळ्यावर लिहायचं तर गणित वेगळं. तिथं माणूस थांबत नाही, सायकलवरून जाताना वाचतो. चार ओळी मोठ्या अक्षरांत, प्रत्येक ओळीत तीनच शब्द असले तर उत्तम, आणि खाली तारीख. मंडळाच्या परवानगीशिवाय फळ्याला हात लावू नका. सुभाषित पुसून त्यावर वात्रटिका लिहिलीत तर म्हातारी मंडळी बोलणार, म्हणून सुभाषित राहू द्या आणि खालची मोकळी जागा मागून घ्या. शिवजयंतीच्या चित्ररथांवरही असे फलक चालतात, पण मिरवणूक रात्रीची, तेव्हा पांढऱ्यावर काळं आणि हातभर अक्षर. मिरवणुकीच्या फलकाचा मजकूर मंडळाच्या दोन-तीन जबाबदार माणसांना आधी दाखवून ठेवा. सीमाभागात हे वेगळं सांगायला नको.

फोनवर टाकताना चित्रात नाव आणि गाव घालून टाका. नुसता मजकूर टाकला तर दुसऱ्या दिवशी तीच वात्रटिका ‘अज्ञात’ या कवीच्या नावानं तुम्हालाच परत येते.

संमेलनांच्या तारखा थंडीच्या तोंडावर स्थानिक दैनिकांत यायला लागतात, कवींना नावं द्यायचं आवाहनही त्यातच असतं. नाव देताना कवितेची प्रत मागितली तर ठळक अक्षरात लिहून द्या, फोन नंबरासकट, आणि एक प्रत खिशात ठेवा, फोनमध्ये नको. दुपारच्या उन्हात मंचावर फोनची काच दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच घरून विचारणा येते, ‘जेवायला येणार की तिथंच?’